वितरकाच्या करारावर सही करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःच्या पैशांतून पूर्ण लांबीचा चित्रपट केलात. वितरकाने करार पाठवलाय. जगभरातले, सर्व माध्यमांतले एक्सक्लुझिव्ह हक्क १५ वर्षांसाठी त्याचे. आगाऊ रक्कम काही नाही. 'खर्च वजा जाता' उरेल त्यातला निम्मा वाटा तुमचा. तुम्हाला चित्रपट स्वतःच्या वेबसाइटवरूनही विकायचाय. संगीत मित्राने केलंय, लेखी काहीच नाही.

आहे तशा करारावर सही करू नका.

एक्सक्लुझिव्ह म्हणजे फक्त दुसऱ्या वितरकाला मज्जाव, असा समज असतो. मज्जाव तुम्हालाही असतो. सही केलीत की स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचाच चित्रपट विकणं हा करारभंग ठरेल. थिएटर, टीव्ही, स्ट्रीमिंग, विमानातलं प्रदर्शन, शिक्षणसंस्था हे सगळे हक्क वेगवेगळे देता येतात, तेही देशागणिक आणि भाषेगणिक. जिथे वितरकाची खरोखर पोच आहे, तेवढेच त्याला द्या. तेही परवाना म्हणून, मालकी हस्तांतरित न करता. वेबसाइटवरची विक्री आणि स्वतः आयोजित केलेले शो तुमच्याकडे राहतील, असं स्पष्ट लिहून घ्या. सुरुवातीचे काही महिने तुम्ही ऑनलाइन विकू नये, असं तो म्हणेल. ते रास्त आहे, पण तारीख ठरवून.

'खर्च वजा जाता' या तीन शब्दांना मी सगळ्यात जास्त घाबरतो. प्रवास, पोस्टर, फिल्म मार्केटमधला स्टॉल, सगळं त्यात बसतं आणि तुमच्या वाट्याला शून्य येतं. खर्चाला आकड्यात कमाल मर्यादा हवी आणि त्यापुढे तुमची लेखी संमती. त्याच्या इतर चित्रपटांचा तोटा तुमच्या कमाईतून वळता होता कामा नये. दर सहामाहीला हिशेब आणि वह्या तपासण्याचा हक्कही मागा. आगाऊ पैसे नसताना १५ वर्षं कशाला? तीन ते पाच पुरेत, आणि वर्षभरात चित्रपट कुठेच प्रदर्शित झाला नाही तर हक्क आपोआप परत.

मधल्या कंपन्या बुडतातही. २०१९ मध्ये अमेरिकेतली डिस्ट्रिबर ही ॲग्रिगेटर, म्हणजे चित्रपट ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर पोचवणारी मध्यस्थ कंपनी कोसळली, तेव्हा अनेक स्वतंत्र फिल्ममेकर्सचे पैसे अडकले. दिवाळखोरी झाल्यास करार संपेल, असं कलम काही देशांत टिकत नाही. म्हणून नुसतं पैसे थकले तरी करार संपवता येईल, असं कलम घाला.

आता संगीत. हे मला कराराहून जास्त खुपतं. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी लागत नाही. ही तरतूद तुमच्या बाजूने आहे, तशी मित्राच्याही. लेखी काही नसेल तर चाल त्याची, रेकॉर्डिंगही बहुधा त्याचंच. वितरकाच्या करारात मात्र 'सर्व हक्क माझे आहेत, दावा आला तर भरपाई मी देईन' अशी हमी असते, आणि ती तुमच्या सहीने जाते. चाल आणि रेकॉर्डिंग दोन्ही चित्रपटासोबत सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे वापरण्याची परवानगी मित्राकडून लेखी घ्या. मोबदला असेल तर तोही लिहा. लेखक, कलाकार, कॅमेरामन यांचेही कागद तपासा. तुम्ही एकट्याने विकायचं ठरवलंत तरी बरेच प्लॅटफॉर्म हीच कागदपत्रं मागतात.

आधी मित्राची सही, मग वितरकाला दुरुस्त्यांचा मसुदा. खर्चाच्या मर्यादेलाच तो नाही म्हणाला तर पुढे बोलू नका. नॉन-एक्सक्लुझिव्ह करार देणारा ॲग्रिगेटर शोधा आणि वेबसाइट सुरू करा.