'केपर फॅमिली'ला मराठीत काय म्हणावं?

अंबाजोगाईहून एका आईने विचारलंय: "मुलाच्या पुस्तकात 'केपर फॅमिली' असा शब्द आलाय. त्याला मराठीत काय म्हणायचं? आणि तिळवण त्यात धरायची का? जुन्या पुस्तकात ती आहे, नव्यात नाही."

माझं मत स्पष्ट आहे, 'वाघाटी कुल' म्हणा. वनस्पतींच्या कुलाला नाव मिळतं ते त्यातल्या एका वंशावरून. 'कॅपॅरेसी' हे नाव 'कॅपॅरिस' वंशावरून आलं. ज्याच्या कळ्या युरोपात खारवून खातात तो केपर या वंशातला, आणि आपलं वाघाटंही याच वंशातलं. माळावरची बिनपानाची, विटकरी फुलांची नेपतीसुद्धा त्यांचीच सख्खी. 'वरुण कुल' असंही लिहिलेलं वाचायला मिळतं. वरुण म्हणजे वायवर्णा. तो या कुलातला आहेच, पण त्याचा वंश निराळा, 'क्रटिव्हा'. मग नावाचा मान वाघाटीलाच द्यायला हवा. शिवाय आषाढी एकादशीचं पारणं ज्या घरात वाघाट्याच्या भाजीने सुटतं, तिथल्या पोराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

बाजारात वाघाटे आले की एखादं देठासकट निवडून घ्या. देठावर मध्येच एक वळ दिसेल. पाकळ्या आणि पुंकेसर गळून पडले ती ही जागा. वळाच्या खालचा भाग फुलाचा देठ, आणि वरचा खुद्द बीजकोशाचा. फुलाच्या आतच बीजकोश असा लांब दांड्यावर उचललेला असणं ही या कुलाची मोठी खूण. मुलाला चित्र दाखवण्यापेक्षा हे दाखवा.

आता तिळवण. पूर्वी तिला याच कुलात धरत. १९९८च्या वर्गीकरणात तर वाघाटी, तिळवण आणि मोहरी या तिघींना मोहरीच्याच कुलात घातलं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की तिळवणीचं जवळचं नातं मोहरीशी आहे, वाघाटीशी लांबचं. शेंगेतही ते दिसतं: दोघींच्या वाळलेल्या शेंगेची सालं सुटून पडतात आणि मधली चौकट देठावर तशीच राहते. वाघाट्याचं फळ मात्र गरदार, ते असं तडकत नाही. २००९च्या वर्गीकरणात तिन्ही कुलं वेगवेगळी मानली गेली, तिळवणीचं 'क्लिओमेसी'. म्हणजे तुमच्या दोन्ही पुस्तकांनी आपापल्या काळाचं लिहिलंय, पण आज नवंच धरायचं.

लिहिताना 'कुल' लिहा. 'कूळ' चुकीचं नाही, पण आपल्याकडे कूळ म्हटलं की आधी कूळकायदाच आठवतो. तिळवणीपुढे 'तिळवण कुल' लिहून शेजारी 'क्लिओमेसी' लिहायला सांगा, म्हणजे तपासणाऱ्यालाही शंका राहणार नाही.