नोटबुक आउटपुटसकट कमिट करायची की रिकामी?

लायब्ररी कशी वापरायची ते दाखवणाऱ्या ज्युपिटर नोटबुक्स (कोड, मजकूर आणि कोडचं आउटपुट एकत्र ठेवणाऱ्या फाइल्स) तयार आहेत, त्यांतूनच स्फिंक्स या टूलने डॉक्युमेंटेशनची साइट काढायची आहे, तर नोटबुक आउटपुटसकट कमिट करावी (गिटमध्ये नोंदवावी) की रिकामी, म्हणजे आउटपुट काढून, असं तुम्ही विचारलंय. माझं मत ठाम आहे: रिकामी. कोड बिल्डच्या वेळीच, म्हणजे साइट तयार होताना, चालू द्या.

सेव्ह केलेलं आउटपुट लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनवर आलं, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तुम्ही फंक्शनचा पॅरामीटर बदललात तरी पानावर जुना आलेख तसाच राहतो, आणि नवखा माणूस तो कोड कॉपी करून एररमध्ये अडकतो. त्याचा वेळ आपण वाया घालवतो, हे मला फार लागतं. शिवाय नोटबुकची फाइल म्हणजे जेसन, डेटा साठवायचा एक मजकुरी फॉरमॅट. आलेख त्यात बेस६४ मजकूर (चित्राचं अक्षरांतलं लांबलचक रूप) होऊन बसतात, मग रिव्ह्यूला डिफ, म्हणजे काय बदललं त्याची यादी, वाचवत नाही. एनबीस्ट्रिपआउट हे आउटपुट काढून टाकणारं टूल गिटला फिल्टर म्हणून जोडा, कमिटमध्ये आउटपुट जाणारच नाही.

खरी गोम पुढे आहे. नोटबुकचं पान करणारी स्फिंक्सची दोन एक्स्टेन्शन्स आहेत, एनबीस्फिंक्स आणि मिस्ट-एनबी. नोटबुक चालवायची की नाही हे आपणच ठरवणारा ‘ऑटो’ मोड दोन्हींत आहे, पण वागणं वेगळं. एनबीस्फिंक्स नोटबुक चालवतं ते एकाही सेलला (कोडच्या चौकटीला) आउटपुट नसेल तरच. कुठे प्रिंटच्या आउटपुटची एक ओळ शिल्लक राहिली, की अख्खं पान न चालवता जसंच्या तसं छापलं जातं. मिस्ट-एनबी एक जरी आउटपुट कमी असलं तरी नोटबुक चालवतं. एरर आली की एनबीस्फिंक्स बिल्ड थांबवतं. मिस्ट-एनबी मात्र नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. म्हणून तिथे ‘एनबी_एक्झिक्युशन_रेज_ऑन_एरर’ हे सेटिंग ट्रू करा आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) डॉक्सचं बिल्ड चालवा. लायब्ररीत काही मोडलं तर मर्जच्या आधी समजेल. एरर मुद्दाम दाखवायची असेल, तर त्या सेलला ‘रेझेस-एक्सेप्शन’ टॅग लावा.

प्रत्येक नोटबुकला वर मार्कडाउनमध्ये एकच मुख्य शीर्षक द्या, नाहीतर अनुक्रमणिकेत तिची लिंक येत नाही.

तासन्‌तास मॉडेल ट्रेन करणाऱ्या नोटबुकचं काय? मिस्ट-एनबीचा टाइमआउट, म्हणजे चालवण्याची वेळमर्यादा, मुळात ३० सेकंदांचा. तो वाढवत बसू नका. अशी नोटबुक चालवण्यातून वगळा, एनबीस्ट्रिपआउटच्या फिल्टरमधूनही वगळा, आउटपुट ठेवा, आणि पानाच्या डोक्यावर व्हर्जन व तारीख लिहा. दर रिलीजच्या आधी ती एकदा हाताने, कर्नल (कोड चालवणारी प्रोसेस) रीस्टार्ट करून, पहिल्या सेलपासून शेवटपर्यंत चालवा.