"बरोबर आहे का, मॅडम?"

"मॅडम, पुस्तकातला प्रश्न आला की फाडफाड उत्तर. जरा फिरवून विचारला की पोरगं गप्प. डोकंच चालत नाही का हो याचं?"

नववीतला मुलगा शेजारीच मान खाली घालून बसलेला. (असं मुलासमोर बोलू नये, हे आईंना नंतर एकटीला सांगितलं.) हीच तक्रार घेऊन माझ्याकडं बरेच पालक येतात.

जुलै महिना, बाहेर झड लागलेली. अशा दिवसांत कोल्हापुरात भेटेल तो एकच विचारतो, पंचगंगेचं पाणी किती फुटांवर? मीही तेच विचारलं. गडी सुरूच झाला: राजाराम बंधाऱ्यावर पाणी 41 फूट 6 इंच, इशारा पातळी 39, धोका पातळी 43, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे 7.

"तासाला 1 इंच चढतंय असं धर. धोका पातळी कधी गाठेल?"

कागदावर मांडून म्हणाला, "18 तासांनी." आणि लगेच, "बरोबर आहे का, मॅडम?"

मी गप्प. आईंच्या ओठावर आलेलं 'हो' हातानंच थांबवलं. त्यानं गणित पुन्हा तपासलं.

"गणित बरोबर आहे रे. पण नदी तुझं गणित ऐकेल का?"

बराच वेळ पेनचं टोपण काढघाल चाललं होतं. मग हळूच म्हणाला, "मामाचं शेत चिखलीला आहे. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की चढायचा वेग कमी होतो, मामा सांगतो." थोडं थांबून, "पण राधानगरी भरली तर दरवाजे आपोआप उघडणार. म्हणजे इथला पाऊस बघून उपयोग नाही, धरणाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरला किती पडतोय ते बघायला पाहिजे. आणि तिथलं पाणी इथं यायलाही वेळ लागणार."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"ते पुस्तकात नाही. मला वाटलं, उत्तरात चालत नाही."

डोकं चालत नव्हतं असं नाही. चालवायची परवानगी आहे, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आईंना पाठांतर बंद करा असं म्हटलं नाही. 39, 43 आणि 7 दरवाजे पाठ नसते, तर त्यानं विचार कशाचा केला असता? एवढंच सांगितलं, की 'बरोबर आहे का' असं विचारलं की लगेच हो-नाही सांगू नका. 'तुला कशावरून वाटतं?' विचारा आणि थांबा. थांबणंच अवघड जातं, मलाही जातं. "वेळ कुठाय मॅडम?" भाकरी थापता थापता विचारा म्हटलं. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

महिन्याभरानं दोघं परत आले. आईंनी विज्ञानाचा चाचणीचा पेपर पुढं ठेवला, 2 गुण गेलेले. उत्तर त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. कारण अचूक होतं, पण व्याख्या गाळली होती.

"व्याख्या आधी लिही, तुझं कारण तिच्याखाली. दोन्ही."

"ओळी पुरणार नाहीत, मॅडम."

"पुरवणी माग."