डबल बॉयलर घ्या, पण आधी पाण्याचं बघा

प्रश्न : नमस्कार जी. आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो, घरात पाच जण. मला सकाळी काळी एस्प्रेसो लागते, बायकोला आणि दोन्ही पोरींना कॅपुचिनो, आता आईही म्हणते मला तेच फेसवालं दे. सध्या एक बॉयलरची छोटी मशीन आहे, पाचवा कप होईस्तोवर पहिला थंड होऊन जातो. तीन महिन्यांपासून डबल बॉयलरच (कॉफीला एक बॉयलर, वाफेला दुसरा) बघून राहिलो, ग्राइंडर धरून दीड लाखापर्यंत तयारी आहे. दुकानवाला म्हणते एचएक्स, म्हणजे हीट एक्स्चेंजरवाली घ्या, तेवढंच काम करते. आणि साळा दिवाळीत अमेरिकेतून येऊन राहिला, तो म्हणते तिकडून स्वस्तात आणतो. वापरायला पाणी बोअरचं, प्यायला आरओ. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी साळ्याला फोन करून सांगा की चॉकलेटं आण, मशीन नको. तिकडची वीज 120 व्होल्ट 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट 50 हर्ट्झ, म्हणजे ओट्याखाली दोन हजार वॉटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर ठेवा, उचलताना कंबर जाते, आणि एवढं करून व्होल्टेज तेवढं बदलतं, हर्ट्झ नाही बदलत, अन् बऱ्याच मशीनींमधला व्हायब्रेशन पंप त्या हर्ट्झच्याच तालावर धडधडतो. काही बिघडलं की वॉरंटी तिकडे आणि मशीन इकडे.

आता दुकानवाल्याचं. तो खोटं नाही बोलला. एस्प्रेसोला पाणी लागतं 90 ते 96 डिग्री आणि वाफेसाठी बॉयलर हवा 125 च्या आसपास, तुमचा एकटा बॉयलर ही दोन्ही कामं आळीपाळीनं करतो, आता ताप, आता थंड हो, म्हणून तुमची सकाळ ओट्यापाशी जाते. एचएक्समध्ये मोठा बॉयलर वाफेचाच असतो, त्याच्या पोटातून एक नळी गेलेली असते आणि ताजं पाणी त्यातून जाता जाता तापतं, त्यामुळे कॉफी आणि वाफ एकाच वेळी मिळते. अडचण एवढीच की मशीन नुसती उभी राहिली की नळीतलं पाणी जास्त तापून बसतं, मग आधी थोडं पाणी सोडून द्यायचं, फुसफुस थांबली की हँडल लावायचं. हात बसला की जमतं, पण अंदाजच तो. दुधाच्या कपात डिग्री-दोन डिग्रीची चूक लपून जाते, तुमच्या काळ्या कपात नाही लपत. डबल बॉयलरमध्ये कॉफीचा बॉयलर वेगळा, पीआयडीवर, म्हणजे तापमान नेमकं राखणाऱ्या कंट्रोलरवर, 93 लावलं की 93, हलक्या रोस्टला 95, गडद असेल तर 90-91. ही कल्पना काही नवी नाही, फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्कोनं 1970 सालीच जीएस नावाची मशीन अशी बनवली होती, ती कॅफेसाठी, आपल्या ओट्यापर्यंत यायला वेळ लागला. तर एक काळी, चार दुधाच्या, रोजच्या रोज आणि एकापाठोपाठ, तुमच्या घराला डबल बॉयलर शोभतो. दोघंच असते तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

पण दीड लाखातले सगळे मशीनवर उडवू नका. ग्राइंडर हलका घेतला तर महागड्या मशीनमधूनही पचकवणीच येईल. 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम एस्प्रेसो 25 ते 30 सेकंदांत पडायला पाहिजे, आणि ते जमवायला दळण केसाच्या फरकानं बदलता यावं लागतं. पैसे कमी पडले तर मशीन एचएक्सवर आणा, ग्राइंडरवर नका काटू.

आता पाणी, इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. उन्हाळा संपता संपता कूलरच्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर बसतो ना, तोच बॉयलरमध्ये बसतो, कारण वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. माझी पहिली मशीन मी अशीच वर्षभरात चोंदवली. मग शहाणा होऊन दुसऱ्या मशीनमध्ये नुसतं आरओ ओतायला लागलो तर वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणीच यायला लागलं! मेकॅनिक आला, हसला, म्हणाला साहेब पाणी जास्तच साफ आहे. बॉयलर किती भरला हे बघायला आत एक सळई असते, पाण्यातून वीज वाहिली की तिला कळतं पाणी आलं, क्षारच नसले तर वीज वाहत नाही आणि मशीन समजते बॉयलर रिकामाच आहे, भरा अजून. म्हणून आरओमध्ये महापालिकेचं नळाचं पाणी मिसळा, आपलं ते पेंच-कन्हानचं, बोअरचं नाही, आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, 100 ते 150 च्या मधात आणा. चवही तिथेच सुधारते, क्षार अजिबात नसले तर कॉफी बेचव लागते. टीडीएस म्हणजे काही कठीणपणा (थर बसवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) नव्हे, तेव्हा कठीणपणा मोजायचं थेंबांचं किटही एकदा वापरून बघा.

वायरमनला बोलवा, मशीनला वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट पाहिजे. अशा मशीनी दीड ते सव्वादोन हजार वॉट खेचतात, आणि सकाळी त्याच लाइनवर गिझर असला तर एमसीबी पडणारच. ई61 ग्रुपची घेतली, म्हणजे समोर चकचकीत पितळी थोबाड असलेली, 1961 च्या फाएमा मशीनवरनं नाव पडलं ते, तर ती नीट तापायला अर्धा तास लागतो, आणि नवतपात 45 डिग्रीला तो अर्धा तास स्वयंपाकघरात कोण उभं राहील ते घरी ठरवून घ्या. टायमर असलेली बघा.

प्रश्न : म्हशीचं दूध आहे, तापवून फ्रिजमध्ये ठेवते, तरी फेस कापसासारखा फुगतो आणि मिनिटात बसतो. मशीनच खराब आहे का? (मानेवाडा)

उत्तर : नाही ताई, मशीनला नका बोलू. तापवलेल्या दुधातले सायीचे बारीक तुकडे मधात येतात, दूध गाळून घ्या, नाहीतर पाश्चराइज्ड पिशवीचं न तापवता थेट फ्रिजमधून थंडगार वापरून बघा. वाफेचं तोंड पहिले चार-पाच सेकंदच वर ठेवा, फस्स फस्स आवाज आला की थोडं खाली घालून दूध गोल फिरू द्या, भांडं हाताला सोसेना झालं की बंद, ते झाले 60-65 डिग्री. तुम्ही खळखळ उकळी येईपर्यंत वाफ देत असाल, असं मला वाटून राहिलं. आणि पत्रात शेवटी जी फिल्टर कॉफीची पूड लिहिलीत, तिच्यात चिकोरी आहे, ती या मशीनमध्ये घालू नका, जाळी चोंदते. तिच्यासाठी पितळेचं फिल्टर आहेच घरात, असं तुम्हीच लिहिलंय.