पूररेषेतल्या शेतात गोठा-शेड बांधायची? आधी लेव्हल काढा, मग प्लॅन

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, नदीकाठच्या रानात गोठा, चाऱ्याची शेड, अवजारांची खोली बांधायची तर परवानगीचं काय, असे बरेच प्रश्न आलेत आणि फिरून फिरून तीनच गोष्टी विचारल्यात. बांधकाम शेतीचंच आहे मग परवानगी कशाला, भराव टाकून जागा उंच केली तर चालेल का, आणि शेड आधीच उभी आहे तर आता काय.

पहिलं. शेतीच्या बांधकामाला बऱ्याच ठिकाणी सूट असते हे खरंय, पण ती सूट जमिनीच्या वापरापुरती असते, पाण्याच्या वाटेला ती लागू होत नाही. पूररेषेची, म्हणजे ठरावीक वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेची, परवानगी वेगळी, ती बघणारं खातं पण बहुतेक वेळा वेगळं. त्यामुळे एका टेबलावर "शेतीचंच आहे ना, बांधा" असं कोणी तोंडी सांगितलं म्हणून पाया खणायला घेऊ नका, लेखी घ्या.

आता ही रेषा नीट समजून घ्या कारण सगळा गोंधळ इथंच होतो. 100 वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे आत्ता येऊन गेला की पुढची 100 वर्षं निवांत, असं अजिबात नाही. दर वर्षी तो यायची शक्यता 1 टक्का, मागच्या वर्षी आला असला तरी या वर्षी परत 1 टक्का. शेड 30 वर्षं टिकणार धरली तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी बघायची शक्यता 26 टक्के होते, म्हणजे चारातली एक शेड. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची आणि लाल 100 वर्षांच्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या बरोबर काठावर 30 वर्षांचा हिशोब केला तर शक्यता 70 टक्क्यांवर जाते, म्हणून नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवीन बांधकामाचा नाद सोडा. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते.

दुसरा प्रश्न भरावाचा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुम्हाला वाटतं आपली शेड बुडू नये एवढंच साहेब बघणार, पण ते आधी हे बघतात की तुमच्यामुळे पाणी दुसऱ्याच्या रानात किती चढतंय. 20 बाय 10 मीटरच्या जागेवर दीड मीटर भराव टाकला म्हणजे 300 घनमीटर, म्हणजे 3 लाख लिटर पाण्याची जागा तुम्ही खाल्ली, ते पाणी शेजाऱ्याकडे किंवा वरच्या अंगाला फुगणारच. म्हणून कित्येक ठिकाणी तेवढीच माती दुसरीकडून काढायची अट घालतात. ती त्याच पातळीवरची लागते बरं का, खोल खड्डा खणून भागत नाही, कारण पूर यायच्या आधीच तो खड्डा पावसाने भरलेला असतो. उंचवट्यावर गोठा बांधूच नये असं नाही. नेदरलँड्सला ओव्हरडीप्स पोल्डर नावाच्या भागात शेतकऱ्यांनी स्वतःच सरकारपुढे योजना मांडली आणि सुमारे 6 मीटर उंच मातीच्या टेकाडांवर नवीन घरं-गोठे उभे राहिले, पण त्याच वेळी नदीकडचा बांध खाली घेऊन पाण्याला जागा करून दिली, ते विसरू नका.

भरावापेक्षा मला खांबांवरची शेड किंवा पाणी आरपार जाईल अशी उघडी शेड जास्त पटते. बंद भिंतीच्या एका बाजूला 1 मीटर पाणी आणि दुसरीकडे कोरडं असलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळपास 500 किलोचा रेटा येतो, 2 मीटर पाण्याला तो दुप्पट नाही, चौपट होतो. साधी वीटभिंत कशी टिकेल? म्हणून खाली पाणी आत-बाहेर होईल अशी भोकं ठेवतात. अमेरिकेत दर चौरस मीटर तळाला साधारण 70 चौरस सेंटीमीटर, कमीत कमी दोन, वेगवेगळ्या भिंतींना आणि जमिनीपासून फूटभराच्या आत, असा हिशोब आहे. मोटारीचा स्टार्टर, बोर्ड पूरपातळीच्या वर. डिझेल, कीटकनाशकं, खताची पोती तर खाली ठेवूच नका. आणि 1000 लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर जवळपास टनभर जोराने वर उचलली जाते, बांधलेली नसेल तर तीच जाऊन दुसऱ्याच्या भिंतीवर आदळेल.

अर्जाचं म्हणाल तर क्रम उलटा करू नका. आधी पूरनकाशावर गट नंबर कुठं पडतो ते बघा, मग सर्व्हेअरकडून जागेची लेव्हल म्हणजे उंची काढून घ्या, आणि पूरपातळी ज्या बेंचमार्कवरून (उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून) दिलीय त्यालाच ती जोडून घ्या नाहीतर दोन्ही आकड्यांचा मेळच लागत नाही आणि फाईल परत येते. हे झालं की मगच प्लॅन. मी पाहिलंय, लोक आधी इंजिनिअरकडून सुंदर प्लॅन काढतात, पैसे जातात आणि नंतर कळतं जोतं फूटभर खाली आहे. अर्जासोबत जनावरं कुठल्या रस्त्याने आणि कुठं हलवणार ते पण लिहा, मागितलं नसलं तरी लिहा, कारण बऱ्याचदा गोठ्याआधी रस्ताच पाण्याखाली जातो आणि दावणीला बांधलेली जनावरं सोडायला सुद्धा कोणी पोचत नाही. अर्ज दिला की आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

तिसरं, शेड आधीच उभी असलेल्यांनी लपवू नका. लेव्हल काढा, चारी बाजूंचे फोटो घ्या, कधी बांधली त्याचा काही पुरावा, वीजबिल वगैरे असेल तर जोडा आणि स्वतःहून अर्ज करा. कधी भिंत काढून शेड उघडी करून भागतं, कधी पाडायला पण सांगतील, ते जागेवर ठरतं. पण तोवर त्याच शेडला वाढीव खोली जोडू नका आणि येत्या पावसाळ्याआधी निदान औषधं आणि डिझेल तरी तिथून हलवा.