‘माझा विषय कोणता, हेच मला सांगता येत नाही’

पीएच.डी. संपवत आलेल्या किंवा नुकतीच संपवलेल्या संशोधकांकडून एक चिंता मी इतक्या वेळा ऐकली आहे की, समोरच्याचे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच दुसऱ्याचा अंदाज येऊ लागतो. सामाजिक प्रश्नांवर डेटा सायन्सच्या, म्हणजे मोठ्या प्रमाणावरील माहितीच्या संगणकीय विश्लेषणाच्या, साहाय्याने काम करण्याची त्यांची मनापासून इच्छा असते आणि अशा पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करण्याच्या, जागाही त्यांना दिसत असतात. परंतु जाहिरात वाचताना समाजशास्त्राच्या माणसाला वाटते की ही संगणकवाल्यांसाठी आहे, आणि संगणकशास्त्राच्या माणसाला वाटते की ही समाजशास्त्रवाल्यांसाठी आहे. दोघेही अर्ज करत नाहीत आणि मुदत निघून जाते. असा अंदाज येऊ लागणे समुपदेशकासाठी धोक्याचे असते, कारण मग ऐकणे थांबते. पुढील अनुभवात माझेही थोडेसे तसेच झाले होते, म्हणून तो सांगते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत आणि सात भेटींतील मोजकेच संवाद येथे घेतले आहेत.

ती समाजशास्त्राची संशोधक होती. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलांवर तिने प्रबंध लिहिला होता. त्याचा एक भाग कुटुंबांच्या प्रदीर्घ मुलाखतींवर आणि दुसरा शालेय नोंदींवर चालवलेल्या मशीन लर्निंगच्या, म्हणजे नोंदींवरून संगणकाने स्वतः भाकीत करायला शिकण्याच्या, मॉडेलवर आधारलेला होता. पहिल्या भेटीत तिने आपला परिचय एका म्हणीत उरकला.

“एक ना धड, भाराभर चिंध्या, असे माझे झाले आहे, मॅडम. समाजशास्त्राचे परीक्षक म्हणतात की सिद्धांत कमी आहे, आणि संगणकशास्त्रातले सहकारी म्हणतात की मॉडेल फारच साधे आहे.”

चिंध्यांचीच गोधडी होते, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. दुःख सांगणाऱ्याला आपली उपमा ऐकवली की आपल्याला बरे वाटते, त्याला नाही. मी एवढेच विचारले, “तुमच्या मते तुम्हाला किती यायला हवे होते?”

“दोन्ही विषय पूर्ण यायलाच हवेत. नाहीतर अशा जागेसाठी अर्ज करणे म्हणजे लबाडी आहे.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग म्हणजे तिने वाक्यातल्या ‘च’कडे पाहायला शिकवले. दोन्ही विषय आले तर उत्तम, ही इच्छा झाली. ते यायलाच हवेत, हा हट्ट झाला, आणि माणूस इच्छेपेक्षा हट्टानेच अधिक खचतो. पण हे त्या दिवशी बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. तिला ते पटले असते आणि ती तशीच घरी गेली असती.

दुसऱ्या भेटीत ती पुरावा घेऊन आली. २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या एका अनुदान योजनेसाठी पाच वर्षांत आलेले १८ हजारांहून अधिक प्रस्ताव तपासले गेले होते, आणि प्रस्ताव जितका अधिक आंतरविद्याशाखीय, तितकी त्याला निधी मिळण्याची शक्यता कमी, असे त्यात आढळले होते.

“आता सांगा, माझी भीती खोटी आहे का?”

“नाही, खरी आहे. पण अर्ज करू नये, हे त्या अभ्यासात कोठे लिहिले आहे?”

ती थोडी चिडली, आणि मला ते बरे वाटले. अशा वेळी ‘काळजी करू नका, सध्या या क्षेत्राला फार मागणी आहे’ असा धीर देणारे पुष्कळ भेटतात. तो धीर पुढच्या नकारापर्यंतच टिकतो. परीक्षक बहुधा एकेका विद्याशाखेतून आलेले असतात आणि अपरिचित अर्धा भाग त्यांना कच्चा वाटू शकतो, ही अडचण खरी आहे. मात्र ती प्रस्ताव कसा वाचला जातो याविषयी सांगते, प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या कुवतीविषयी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की नकाराचे प्रत्येक पत्र स्वभावाचे प्रमाणपत्र वाटू लागते.

मी तिला एक काम दिले. पाच जाहिराती निवडायच्या आणि प्रत्येकीसमोर एकच ओळ लिहायची : या लोकांना कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे? चौथ्या भेटीला ती ३१ जाहिरातींचा तक्ता घेऊन आली. त्यात संस्था, मुदत, वेतन, आवश्यक संगणकीय भाषा, मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध असे १४ रकाने होते. काम टाळण्याचा इतका नेटका प्रकार मी क्वचितच पाहिला असेल, असे माझ्या मनात आले आणि मी तसे बोलणारही होते. तेवढ्यात शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेले. त्याचे शीर्षक होते ‘माझ्याकडे काय आहे’, आणि तो ३१ ओळींमध्ये रिकामा होता.

“हा रकाना रिकामा का?”

“काही नाही म्हणून.”

“रिकामा म्हणजे काही नाही, असे तुमच्या शास्त्रात धरतात का?”

ती पटकन म्हणाली, “नाही, मुळीच नाही. नोंद नसणे आणि शून्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.” मग ती थांबली, आणि तीन भेटींत जे कधी आले नव्हते ते सांगू लागली. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांबरोबरच्या कामात हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी पत्ता व पालकांचा दूरध्वनी क्रमांक नव्हता. अपुऱ्या नोंदी वगळाव्यात असे सहकाऱ्यांनी सुचवले. वगळल्यावर मॉडेलची अचूकता वाढलीही. हिने मात्र ते थांबवले. मुलाखतींतून तिला ठाऊक होते की कामाच्या शोधात वरचेवर जागा बदलणाऱ्या कुटुंबांना कायमचा पत्ता नसतो, आणि शाळा सुटण्याचा धोका सर्वाधिक असलेली मुले नेमकी त्याच घरांतली होती. ज्यांच्यासाठी मॉडेल बनवायचे, तीच मुले त्यातून पुसली जाणार होती.

“त्यामुळे निबंध तीन आठवडे लांबला. मी सर्वांची माफी मागितली.”

“कशाबद्दल?”

या प्रश्नानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा शांततेत घाई न करणे मला वीस वर्षांच्या कामात जमू लागले आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. शेवटी तिने तक्ता स्वतःकडे ओढला आणि शेवटच्या रकान्याच्या पहिल्या ओळीत लिहिले, ‘रिकाम्या जागेत कोण आहे ते विचारता येते.’

मला त्या दिवशी जे उमगले ते असे. ही माणसे स्वतःला दोन अर्ध्यांची बेरीज समजतात आणि दोन्ही अर्धे अपुरे ठरवतात. प्रत्यक्षात त्यांचे मोल दोन विषयांच्या मधल्या जागेत असते, आणि त्या जागेला कोणत्याही गुणपत्रिकेत रकाना नसतो. त्यामुळे तिथले काम त्यांना काम वाटत नाही, अडथळा वाटते. आधीच्या अशाच काही जणांना मी आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय सांगत बसले होते. त्याऐवजी ‘तुम्ही कोणत्या कामाबद्दल माफी मागितली?’ असे विचारायला हवे होते.

पुढच्या भेटीत तिने स्वतःहून २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आलेला एक निबंध काढला. अमेरिकेत जास्तीच्या वैद्यकीय मदतीसाठी रुग्ण निवडणारा एक अल्गोरिदम, म्हणजे संगणकाला नेमून दिलेली गणनापद्धती, आजाराची गरज मोजण्याऐवजी उपचारांवर होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत होता. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते मागे पडत होते. ही तफावत दूर केली, तर मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांपर्यंत जाईल, असे संशोधकांनी दाखवले. या संशोधकांत झियाद ओबरमायर हे डॉक्टर होते आणि सेंधिल मुल्लैनाथन हे अर्थशास्त्रज्ञ. “अल्गोरिदम सांगितलेले काम चोख करत होता,” ती म्हणाली, “चुकले ते काय मोजायचे हे ठरवण्यात.” मी काही बोलले नाही, तिचे उत्तर तीच देत होती.

दुसरे उदाहरणही तिनेच दिले. प्रिन्स्टनमधील संशोधकांनी हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती १६० गटांना देऊन मुलांच्या पंधराव्या वर्षीच्या परिस्थितीचे भाकीत करायला सांगितले होते. २०२० साली निष्कर्ष आले, तेव्हा उत्तमोत्तम मॉडेलही मोजक्या घटकांवर बेतलेल्या साध्या मॉडेलपेक्षा किंचितच सरस ठरले होते. असे का झाले हे शोधण्यासाठी पुढे त्याच अभ्यासातील ४० कुटुंबांच्या सखोल मुलाखती घेण्यात आल्या. मुलाखत घेता येणे हे आपले कच्चे अंग आहे असे मानणारी माझी अशील हे सांगताना पहिल्यांदाच ताठ बसली होती.

त्यानंतरच्या भेटी व्यवहाराच्या होत्या, आणि त्यांतून निघालेले काही येथे देते, कारण हेच प्रश्न मला सतत विचारले जातात. पोस्टडॉकच्या सगळ्याच जागा एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळालेला असतो आणि त्याला त्या कामासाठी माणूस हवा असतो. तिथे प्रश्न त्यांचा असतो आणि आपले काय कामी येईल, ते दाखवायचे असते. काही फेलोशिपमध्ये प्रश्न आपला असतो. युरोपची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिप अशी आहे. तिच्या मुख्य प्रकारात १२ ते २४ महिने मिळतात, पण अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांना किंवा मुख्यतः तिथेच काम केलेल्यांना ती त्या देशासाठी मिळत नाही. आठ विद्याशाखीय मंडळांपैकी एक निवडावेही लागते. समाजविज्ञानाचे की माहितीविज्ञान व अभियांत्रिकीचे, यावर माझ्या अशिलाने दोन रात्री घालवल्या. माझे मत असे की, प्रस्तावातील नवी गोष्ट ज्या मंडळाला नवी वाटेल ते निवडावे, आपली पदवी ज्या मंडळाची आहे ते नव्हे. तिसरा प्रकार विद्यापीठांतील डेटा सायन्स संस्थांचा. तिथे अनेकदा एक मार्गदर्शक पद्धतीचा आणि एक विषयाचा, असे दोघे असतात. कागदावर हे फार छान दिसते.

पण ते दोघे एकमेकांशी बोलतात का, हे विचारल्याशिवाय राहू नये. दोघांनी मिळून पूर्वी काही लिहिले आहे का, बैठक एकत्र होते की वेगवेगळी, वर्षअखेरचे मूल्यमापन कोण करणार, हे मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते तेव्हा सरळ विचारता येते. प्रसिद्धीचे रिवाजही विचारावेत, कारण संगणकशास्त्रात परिषदेतील निबंधाला मान असतो, समाजशास्त्रात नियतकालिकाला, आणि अर्थशास्त्रात लेखकांची नावे बहुधा अकारविल्हे लागतात, त्यामुळे पहिले नाव कोणाचे यावरून नंतर मने दुखावतात. आणि सर्वांत आधी हे विचारावे की विदा (डेटा) हातात आहे की मिळायची आहे. शाळा, रुग्णालये, मदत योजना यांच्या नोंदींसाठी नैतिकता समितीची मान्यता आणि करार लागतात, त्यांत महिने जातात, आणि दोन वर्षांच्या जागेत ते महिने आपलेच असतात.

एका मुद्द्यावर आमचे एकमत झाले नाही. पुढील कायमच्या नोकऱ्या अजूनही बहुतांशी विद्याशाखांप्रमाणे निघतात, म्हणून पोस्टडॉकच्या काळात निदान काही लेखन एका मूळ विषयाच्या घरात व्हावे, असे मी सुचवले. तिला ही तडजोड वाटली. ती मला अजूनही शहाणपणाची वाटते, पण निर्णय तिचा होता.

अर्जाचा पहिला परिच्छेद तिने सहा वेळा लिहिला. आधीच्या मसुद्यांत तिला येणाऱ्या तंत्रांची यादी होती. शेवटच्या मसुद्याची सुरुवात वगळल्या जाणाऱ्या त्या नोंदींपासून झाली आणि तंत्रे दुसऱ्या परिच्छेदात गेली. पहिल्या दोन ठिकाणांहून नकार आले. त्यांतील एका पत्रात संगणकीय बाजू पुरेशी भक्कम नसल्याचे लिहिले होते. ते घेऊन ती आली तेव्हा मी विचारले, “मग?”

“मग काय? त्यांना तसे वाटले. सांख्यिकीचा एक भाग मला खरोखर शिकायला हवा, तो मी शिकते आहे.” ‘शिकायलाच हवा’ असे ती म्हणाली नाही; हे माझ्या लक्षात आले, तिच्या आले की नाही ठाऊक नाही.

तिसऱ्या ठिकाणी तिची निवड झाली. तिथे एक मार्गदर्शक लोकसंख्याशास्त्राचे आहेत आणि दुसऱ्या संगणकशास्त्राच्या; बैठक एकत्र होते, हे तिने मुलाखतीतच विचारून घेतले होते. अलीकडे तिचे पत्र आले. विदा वापरण्याची परवानगी चार महिने झाले तरी मिळालेली नाही, आणि तोवर ती नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून ते कोणते रकाने का सोडून देतात, याची टिपणे काढते आहे.