टॉमकॅट दर आठवड्याला गुदमरतो: हीप वाढवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टॉमकॅटवर (जावाची वेब-अॅप चालवणारा सर्व्हर) जावाचं अ‍ॅप्लिकेशन आहे, हीप (जावाचे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) ४ जीबी. चार-पाच दिवसांनी सगळं मंदावतं, सीपीयू चढतो आणि शेवटी आउट ऑफ मेमरी. हीप ६ जीबी केल्यावर तेच दुखणं दोन दिवस उशिरा आलं. सोबत ग्राफानाचा एका दिवसाचा आलेख जोडलाय आणि विचारलंय की ही मेमरीची गळती (नको झालेले ऑब्जेक्ट सुटतच नाहीत) आहे का, की रोज रात्री रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून मोकळं व्हावं?

त्या आलेखावरून काहीच ठरवता येणार नाही. वापरलेल्या हीपची रेघ निरोगी जेव्हीएममध्येही (जावाचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) करवतीच्या दातांसारखीच असते: चढत जाते, गार्बेज कलेक्शन (जीसी, म्हणजे नको झालेल्या ऑब्जेक्टची सफाई) झालं की खाली पडते. वरच्या टोकांकडे बघून घाबरण्यात अर्थ नाही. ‘टॉप’ कमांडमधल्या आकड्याकडेही नाही, कारण जेव्हीएम एकदा घेतलेली मेमरी सहसा लगेच परत देत नाही. बघायचा तो दातांचा तळ, म्हणजे फुल जीसी (सगळ्या हीपची सफाई) झाल्यावर ओल्ड जनरेशनमध्ये (बराच काळ टिकलेल्या ऑब्जेक्टचा भाग) काय उरतं ते. हा तळ निदान आठवडाभराच्या आलेखात बघा आणि त्याच पडद्यावर रिक्वेस्टची आणि चालू सेशनची (प्रत्येक वापरकर्त्यासाठी सर्व्हर जपून ठेवतो ती माहिती) संख्याही लावा.

सेशनवर माझा इतका भर का? एका कामात हुबेहूब तुमच्यासारखं चित्र होतं. तळ सकाळपासून चढायचा, संध्याकाळी सर्व्हर आडवा. सगळे गळती शोधत बसले होते. निघालं असं की रिपोर्ट स्क्रीन शोधाचा पूर्ण निकाल, हजारो ओळींची लिस्ट, सेशनमध्ये ठेवत होती. आणि ‘सारखं लॉगआउट होतं’ या तक्रारीवर कोणीतरी सेशनची मुदत ३० मिनिटांवरून ८ तास करून ठेवली होती. कोडच्या दृष्टीने सगळं बरोबर, काहीच गळत नव्हतं. असा प्रकार ओळखायला रविवार उपयोगी पडतो. लोड ओसरल्यावर काही तासांत तळ खाली आला तर सेशन किंवा मुदत असलेली कॅश तपासा. तो जिथल्या तिथे राहिला आणि सोमवारी तिथूनच पुढे चढू लागला, तर गळती धरून चाला. (कमाल मर्यादाच न घातलेली कॅशही अशीच दिसते. तिला गळती म्हणायचं की नाही हा वाद मी घालत नाही, उपाय करावाच लागतो.)

हे आकडे मिळवायला महागडं एपीएम (कामगिरीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. जीसी लॉग कायम चालू ठेवा, प्रॉडक्शनवरसुद्धा. त्याचा भार नगण्य असतो. लगेच बघायचं असेल तर जेस्टॅट या जावाच्या कमांडला जीसीयूटिल पर्याय द्या. ‘ओ’ हा रकाना ओल्ड जनरेशन किती टक्के भरली ते सांगतो, ‘एफजीसी’ फुल जीसी किती झाल्या ते. ‘एफजीसी’ भराभर वाढतोय आणि ‘ओ’ नव्वदीच्या खाली येत नाही, तर सीपीयू का चढतो याचं उत्तर मिळालंच: जीसीचे थ्रेड जागा शोधत फिरताहेत. जावा ९ पासून जी१ हा डीफॉल्ट कलेक्टर आहे आणि त्यात फुल जीसी क्वचित होते. तिथे मिक्स्ड कलेक्शननंतरचा (नव्या आणि काही जुन्या भागांची एकत्र सफाई) आकडा धरा.

त्याआधी एररचा पूर्ण मजकूर वाचा. तुम्ही फक्त ‘आउट ऑफ मेमरी’ लिहिलंय. पुढे ‘जावा हीप स्पेस’ असेल तर खालचं सगळं लागू. ‘मेटास्पेस’ (क्लासच्या माहितीची जागा) असेल तर बहुधा रीस्टार्ट न करता वारंवार डिप्लॉय केल्याने जुने क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारे ऑब्जेक्ट) अडकलेत. टॉमकॅटच्या मॅनेजरमध्ये असे अडकलेले अ‍ॅप शोधायचं बटण आहे. नवा थ्रेड तयार करता येत नाही असं असेल तर हीपला हात लावू नका, थ्रेड डंप (सगळे थ्रेड त्या क्षणी काय करताहेत त्याची नोंद) काढा. आणि कंटेनर १३७ कोड देऊन मेला असेल तर त्याला बाहेरून मारलंय, बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे. तिथे हीप डंपची (हीपची फाइलमधली पूर्ण प्रत) वाट बघू नका, नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग (जेव्हीएमच्या हीपबाहेरच्याही मेमरीचा हिशेब) चालू करा.

हीपच वाढतंय हे पक्कं झालं की जेसीएमडी या जावाच्या कमांडने क्लास हिस्टोग्राम (कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट, किती जागा) काढा. एक आज, एक उद्या, एक परवा, साधारण सारख्या लोडला. ही कमांड स्वतःच फुल जीसी करवते, त्यामुळे मोजणी जिवंत ऑब्जेक्टचीच होते, पण सर्व्हर क्षणभर थांबतो. दुपारच्या गर्दीत चालवू नका. यादीत वर बाइट अ‍ॅरे आणि स्ट्रिंग असणारच, त्यांच्यात अडकू नका. तुमच्या स्वतःच्या पॅकेजमधला कोणता क्लास तिन्ही वेळा फक्त वाढला ते शोधा. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळून थेट डंपकडे धावतात.

हीप डंप लागेलच. आउट ऑफ मेमरी झाल्यावर तो आपोआप काढण्याचा जेव्हीएमचा पर्याय आजच चालू करा आणि त्या डिस्कवर हीपएवढी जागा मोकळी ठेवा. फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन एक्लिप्स मॅट या डंप तपासायच्या साधनात उघडा. डॉमिनेटर ट्रीमध्ये (कोण कोणाला धरून ठेवतो त्याची उतरंड) रिटेन्ड आकार (तो ऑब्जेक्ट गेला तर सुटणारी एकूण मेमरी) बघा, शॅलो (फक्त त्याचा स्वतःचा) नाही. संशयित ऑब्जेक्टवरून जीसी रूटपर्यंतचा (जीसी ज्याला जिवंतच धरते ते मूळ) मार्ग काढा, सॉफ्ट आणि वीक रेफरन्स (जे ऑब्जेक्टला पक्कं धरून ठेवत नाहीत) वगळून. त्या मार्गात बहुतेक वेळा स्टॅटिक मॅप, कधीच न काढलेला लिसनर किंवा थ्रेड पूलमधला साफ न केलेला थ्रेडलोकल (थ्रेडला चिकटून राहिलेला डेटा) भेटतो. डंप व्हेंडरला पाठवण्यापूर्वी मात्र थांबा. त्यात पासवर्ड, टोकन, ग्राहकांचे आधार क्रमांक उघडे असू शकतात.

याच चर्चेत वर एकाने ‘४० जीबी हीप द्या, सुटेल’ म्हटलंय. साधारण ३२ जीबीच्या पुढे जेव्हीएम पॉइंटर (ऑब्जेक्टचे पत्ते) आखूड ठेवू शकत नाही, त्यामुळे तेच ऑब्जेक्ट जास्त जागा खातात. शिवाय गळती असेल तर तुम्ही फक्त तारीख पुढे ढकलताय, जे ६ जीबीने केलंच.

रात्रीचा रीस्टार्ट लावा, माझी हरकत नाही. ग्राहकांना त्रास कशाला? फक्त त्या स्क्रिप्टमध्ये बंद करण्याआधी हिस्टोग्राम फाइलमध्ये लिहिणारी एक ओळ घाला. रोज रीस्टार्ट होणार असल्याने तळ आठवडाभर सलग दिसणार नाही, म्हणून एक शनिवार-रविवार क्रॉन बंद ठेवा. मग सोमवारी तळाचे आकडे, जावाची आवृत्ती आणि एररची पूर्ण ओळ इथे टाका.